मागली

माझी मोजणी चुकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बावीस वर्षं मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात क्रीडाशिक्षक आहे. रोज सकाळी प्रार्थना झाली की मुलांना रांगेत उभं करतो आणि म्हणतो, "गिनती कर." उजव्या टोकाचा मुलगा "एक" म्हणून ओरडतो, शेजारचा "दोन", आणि आकडा रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळत जातो. तेवढ्यात मी नजरेनं मोजून ठेवलेलं असतं. शेवटच्या पोराचा आकडा आणि माझा आकडा जुळला नाही, असं कधी झालं नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी गंमत म्हणून एक पोरगं पाण्याच्या टाकीमागे लपवलं होतं. गिनती सुरू व्हायच्या आतच मी म्हणालो, "साहेब, टाकीमागचं पोरगं परत करा." साहेब त्या दिवशी चहाही न घेता गेले.

बायको म्हणते, तुम्हाला गर्व आहे. आहेच. शिट्टी, घड्याळ आणि मोजणी एवढ्याच तर तीन गोष्टी माझ्याजवळ आहेत.

दोन हजार एकवीसची ही गोष्ट. करोनामुळे दीड वर्ष मैदानं बंद होती. स्पर्धा नाहीत, शिबिरं नाहीत. क्रीडासाहित्याच्या खोलीत भाल्यांना गंज चढला होता. सप्टेंबरात पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक मोबाईलवर आलं. प्रत्यक्ष स्पर्धेला पर्याय म्हणून व्हर्च्युअल स्पर्धा. मुलींसाठी सांघिक धाव, तीन किलोमीटर. चार मुलींनी आपापल्या गावातच पळायचं, शिक्षकानं व्हिडिओ कॉल लावायचा, परीक्षक पुण्यात बसून बघणार. चौघींपैकी जी शेवटी येईल तिची वेळ हीच संघाची वेळ. म्हणजे एकटीनं वाऱ्यासारखं पळून काही उपयोग नाही.

मला हसू आलं. घाम सेनगाव तालुक्यात गाळायचा आणि तो बघणार पुण्याचा माणूस पंख्याखाली बसून, हा काय खेळ झाला? मी पत्रक पुसून टाकणार होतो. तेवढ्यात शेवटची ओळ वाचली. विजयी संघातल्या मुलींना संस्थेच्या वसतिगृहात बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिक्षण आणि सराव सगळं मोफत.

मला लगेच शिला आठवली.

शिला राठोड आमच्या शाळेत आठवीत होती. गोरेगावपासून दोन किलोमीटरवर बंजाऱ्यांचा पळसतांडा आहे, तिथली. पोरगी शाळेत चालत कधी आलीच नाही, पळतच आली. दप्तर पाठीवर, चपला हातात. चपला झिजू नयेत म्हणून ती त्या शाळेच्या फाटकात घालायची. मी दोनदा तिची वेळ घेतली होती आणि दोन्ही वेळा घड्याळ बिघडलं की काय म्हणून पुन्हा तपासलं होतं. पण दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जायचा, आणि त्या वर्षी शिलाही जाणार होती. आई आजारी, कोयत्याला जोडीदार हवा, पोरगी आता हाताशी आली. तिचा बाप प्रेमदास मला म्हणाला होता, "सर, मला काय हौस हाय व्हय? पण एकट्यानं कोयता चालत न्हाई." एकदा फडात गेलेली पोरगी शाळेत परत आलेली मी बावीस वर्षांत पाहिलेली नाही.

तांड्यावर पळू शकतील अशा तीनच मुली होत्या. शिला, तिची चुलतबहीण निता आणि शेजारची प्रियंका. चौथीसाठी मी गोरेगाव पालथं घातलं. कुणाची मामाकडे गेलेली, कुणाला घरचे सोडेनात. शेवटी ठरवलं, महिनाभर सराव तर करू, चौथी मिळाली तर मिळाली.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी तांड्यावर गेलो. सोयाबीन काढणीला आलं होतं, तूर कमरेएवढी झाली होती. सेवालाल महाराजांच्या देवळावर पांढरा झेंडा फडफडत होता, आणि सगळ्या तांड्यात मोबाईलला रेंज यायची ती फक्त त्या देवळाच्या ओट्यावर. तिथून मुरमाची जुनी वाट पाझर तलावाकडे जाते; तांड्याबाहेरच्या त्या उघड्या वाटेवर मात्र रेंज टिकायची. मी पन्नास मीटरची फीत घेऊन ती तीनदा मोजली. देवळापासून तलावाच्या भिंतीपर्यंत दीड किलोमीटर. जाऊन येऊन बरोबर तीन. एका जागी चार मीटर कमी पडत होते, तर वळण दगड लावून पुढे सरकवलं.

मुली निघाल्या तेव्हा प्रेमदासनं बोट हलवत मोजलं, "एक, दोन, तीन, चार. जा."

"तीन," मी म्हणालो.

"व्हय, तीनच," तो हसला. "पण तांड्यातून कुणी निघालं की एक जास्त मोजतेत, सर. आमची रीत हाय."

रीत म्हटल्यावर मी पुढे विचारलं नाही. प्रत्येक गावात एक अशी रीत असतेच.

मग एक चूक झाली. नोंदणीच्या अर्जाला पालकाच्या मोबाईलवर येणारा ओटीपी क्रमांक लागत होता, म्हणून मी प्रेमदासला अर्ज धाडला आणि म्हणालो, मुलींची नावं तू भर, चौथी जागा मी बघतो. आठ दिवसांनी कुरियरचं पाकीट सेनगावहून जीपवाल्याच्या हाती गोरेगावात आलं. आत छातीवर लावायचे चार नंबर होते. शिला राठोड. निता राठोड. प्रियंका राठोड. चौथ्यावर छापलं होतं, मागली राठोड, वय चौदा.

मी फटफटीला किक मारून तडक तांड्यावर गेलो.

"ही मागली कोण?"

प्रेमदास खजील झाला. "सर, त्यात विचारलं होतं, किती पोरी निघणार. मी रीतीपरमानं चार लिवलं. मग ते यंत्र नाव मागू लागलं. नाव टाकल्याबिगर पुढंच सरकंना. तवा जे तोंडात आलं ते टाकलं."

"जे तोंडात आलं म्हणजे?"

त्यानं आईकडे पाहिलं. पारुबाई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सत्तरीच्या पुढची, हातात कोपरापर्यंत बांगड्या, नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी पक्की. ती मान वर न करता म्हणाली, "मागली म्हंजी मागं राह्यलेली, गुर्जी. दुसरं नाव ठाव न्हाई तिचं."

मी डोक्याला हात लावला. आता पुण्याला कळवायला हवं होतं. दोन मेल केले. दोन्हींचं उत्तर एकच आलं, आपोआप आलेलं. आपला संघ पात्रता फेरीसाठी पात्र आहे, शुभेच्छा.

पात्रता फेरी दहा ऑक्टोबरला, रविवारी सकाळी सातला होती. मी देवळाच्या ओट्यालगत पांढऱ्या फक्कीची रेषा मारली. क्रिकेटच्या तीन यष्ट्या सुतळीनं बांधून त्यावर माझा मोबाईल बसवला. शाळेचा शिपाई बालाजी फटफटी घेऊन मुलींच्या मागे जाणार होता आणि प्रेमदास मागे बसून दुसरा मोबाईल धरणार होता. मी ठरवलं होतं, फेरी होऊ द्यावी, पोरींना तेवढाच अनुभव, आणि शेवटी परीक्षक बाईंना खरं काय ते सांगून माघार घ्यावी.

पोरी छान पळाल्या. शिला अकरा मिनिटं एकेचाळीसमध्ये आली. निता बारा पंचेचाळीस. प्रियंका तेरा दहा. तिच्यामागून बालाजीची फटफटीही आली आणि बंद झाली. तांड्यातली माणसं टाळ्या वाजवू लागली.

मी मोबाईलपुढे जाऊन म्हणालो, "मॅडम, एक सांगायचं होतं."

"थांबा सर," पुण्याच्या बाई म्हणाल्या. "रेषेवरून बाजूला व्हा. तुमची चौथी यायचीय अजून."

मी मागे वळून पाहिलं. वाट तलावापर्यंत मोकळी होती. तुरीवर ऊन पडलेलं. फटफटीची धूळ खाली बसत होती.

"जरा मागे पडलीय," बाई म्हणाल्या, "पण पळतेय छान. प्रोत्साहन द्या तिला. तुम्ही सगळे असे गप्प का?"

टाळ्या थांबल्या होत्या. पारुबाई ओट्यावर बसली होती, ती उठून उभी राहिली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. माझ्या हातातलं घड्याळ चालू होतं. मी ते बंद करायचं विसरलो होतो.

"आली," बाई म्हणाल्या. "तेरा बावन्न. शाब्बास हिंगोली."

मी घड्याळ पाहिलं. तेरा मिनिटं त्रेपन्न सेकंद झाले होते.

"मॅडम, आमच्या मुली तीनच आहेत," मी म्हणालो, पण तेवढ्यात रेंज गेली होती आणि पडद्यावर माझाच चेहरा दिसत होता.

दुपारी फोन लावला. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "सर, तीन परीक्षक बघत होते. तिघांनीही चारच लिहिल्यात. रेकॉर्डिंग पाठवते हवं तर." त्यांनी पाठवलं. मी ते ओट्यावर बसून सहा वेळा पाहिलं. तिसरी पोरगी येते, लोक टाळ्या वाजवतात, मग बेचाळीस सेकंद रिकामी वाट, एका कोपऱ्यात मी वेड्यासारखा मागे वळून बघतोय. बालाजीनं पाहिलं, त्यालाही रिकामी वाट. मी म्हणालो, पुण्यात एकावर एक चित्रं चढली असतील, रेंजचा घोटाळा. बालाजी म्हणाला, "असंल, सर." पण त्या दिवसानंतर तो फटफटीवर एकटा पुढे बसेना. मागे कुणीतरी हवंच म्हणे.

संध्याकाळी पारुबाईनं मला चहा दिला आणि न विचारताच सांगितलं.

"लदेणीच्या काळातली गोष्ट हाय, गुर्जी. बैलाच्या पाठीवर धान्य-मीठ लादून आमची माणसं हिंडायची. ह्याच वाटंनं जायची. एकदा निघायची घाई झाली. मोजणाऱ्यानं बराबर मोजली न्हाईत माणसं. दोन मुक्काम पुढं गेल्यावर कळलं, एक पोरगी मागं राह्यली. माघारी गेले, तर न्हाई सापडली. तवापासून एक जास्त मोजतेत. तिची जागा धरून ठेवायला."

"मग ती?"

"ती पळतच हाय की. तांडा पुढं, ती मागं. आजून गाठला न्हाई तिनं आमाला." तिनं माझा कप उचलला. "बेचाळीस सेकंद म्हनले न्हाई का? लईच जवळ आली म्हनायची."

मला राग आला. खरं म्हणजे भीती वाटली, पण रागाची मला जास्त सवय आहे. मी म्हणालो, पारुबाई, मी विज्ञानाचा पदवीधर आहे. ती म्हणाली, "असा की. त्यानं कुटं काय बिघडतंय?"

संघ अंतिम फेरीत आला होता. सहा संघांत आमची वेळ सर्वांत मागची. कोल्हापूरकडचा संघ तेरा मिनिटं अकरा सेकंदांवर होता. शिला एकटी अकरा एकेचाळीसमध्ये येत होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. एकतीस ऑक्टोबरला अंतिम फेरी, चार नोव्हेंबरला दिवाळी, आणि सहा तारखेला ऊसतोडीच्या मुकादमाची ट्रक तांड्यावर येणार होती.

पुढच्या मंगळवारी सरावात मी पाहिलं, शिला मुद्दाम हळू पळत होती. मी शिट्टी मारली.

"काय झालं? पाय दुखतो?"

"न्हाई सर. येकटी पुढं जाऊन काय करू? वेळ तर शेवटच्या पोरीची धरतेत."

"शेवटची प्रियंका. मग प्रियंकाला ओढ."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. शिला म्हणाली, "तिला मधी घेऊन पळून राहिलो, सर."

मी विचारलं नाही, कुणाला. पण त्या पुन्हा निघाल्या तेव्हा नीट पाहिलं. पुढे निता, मग प्रियंका, मग एका माणसाएवढी मोकळी जागा, आणि सर्वांत मागे शिला. वळणावर ती जागा तशीच राहिली. चढावर राहिली. धावणाऱ्या मुलींत अंतर कमी-जास्त होत असतं, मी आयुष्यभर ते बघत आलोय. हे अंतर हलत नव्हतं.

त्या गेल्यावर मी वाटेवर वाकून बसलो. सरावापुरत्या शाळेतून दिलेल्या बुटांचे तीन जोड उमटले होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे अनवाणी पावलं. तांड्यावरची निम्मी लेकरं अनवाणी फिरतात, त्यामुळे याचा अर्थ काहीच निघत नाही. मी उभा राहिलो आणि फीत गुंडाळली.

एक मात्र कबूल करतो. तिसऱ्या आठवड्यात पोरींचा वेग वाढला तेव्हा मला आनंद झाला. तेरा चाळीस, तेरा तीस, तेरा बावीस. शिला मागून ओरडायची, "चल, चल, थोडंच राह्यलं." त्यांच्या गोरमाटी बोलीतही काही म्हणायची, ते मला कळायचं नाही. पण ते प्रियंकाला उद्देशून नसायचं, एवढं कळायचं. माणूस पुढच्याशी बोलतो तेव्हा नजर कुठे ठेवतो, हे शिक्षकाला समजतं.

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर बसून पुण्याला फोन केला. खोट्या संघाला जिंकवून मला मुलींना वसतिगृहात पाठवायचं नव्हतं. बावीस वर्षांत मी एका सेकंदाचीही लबाडी केलेली नाही.

"मॅडम, उद्या आमच्या तीनच मुली पळतील. अर्जात चूक झाली आहे. मी लेखी दिलं आहे, आता तोंडीही सांगतो."

बाईंनी नियमांचे कागद चाळले. मग म्हणाल्या, "सर, तीन दिसल्या तर संघ बाद. नियम आहे. पण आम्हाला जितक्या दिसतील तितक्याच आम्ही मोजणार. तुम्ही सांगितलं म्हणून कमी नाही, आणि जास्तही नाही."

"हे मला मान्य आहे," मी म्हणालो.

शिला ओट्याच्या पायरीशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, रडेल. तिचं सगळं आयुष्य मी एका फोनवर पणाला लावलं होतं.

"सांगितलं का, सर?"

"सांगितलं."

"मग काय म्हनल्या?"

"दिसेल तेवढं मोजू म्हणाल्या."

तिनं मोठा श्वास सोडला. "मग बराबर हाय," ती म्हणाली आणि चपला काढून घराकडे पळाली.

एकतीसच्या सकाळी अख्खा तांडा देवळापाशी होता. गोरेगावातून दोन जीपा भरून लोक आले होते. ढोल आणला होता, पण मी तो वाजवू दिला नाही, घड्याळाची टिकटिक ऐकू यायला हवी. मोबाईलच्या पडद्यावर सहा चौकटी दिसत होत्या. सहा गावं, सहा रेषा. पारुबाई चौथा नंबर हातात घेऊन उभी होती. मग तिनं तो वाटेच्या कडेला बाभळीच्या काट्याला अडकवला, मुलाच्या झबल्यासारखा हलक्या हातानं.

तिघी रेषेवर आल्या. प्रियंका आणि शिला यांच्यात एक जागा सोडलेली.

"हिंगोली, चार नंबर," पडद्यातून बाईंचा आवाज आला. "पाऊल रेषेवर आलंय. जरा मागे घे."

मी खाली पाहिलं. मोकळ्या जागेपुढे फक्की बोटभर पुसली होती. वारा होता थोडा.

"ठीक. आता बरोबर. सगळे संघ तयार?"

मी शिट्टी ओठांना लावली.

त्या गेल्या. बालाजी आणि प्रेमदास मागे गेले. मी मोबाईलशेजारी उभा राहिलो. आता मला आमच्या मुली दिसत नव्हत्या, फक्त पडद्यातला आवाज ऐकू येत होता. बाई एकेका गावाचं नाव घेत होत्या. नाशिककडची एक मुलगी पडली. साताऱ्याचा संघ पांगला. कोल्हापूर पुढे.

"हिंगोली तलावाच्या भिंतीवर. चौघी एकत्र."

सहा मिनिटं एकतीस. सरावापेक्षा दहा सेकंद आधी.

"हिंगोली परत फिरली. कोल्हापूर अजून पुढे, वीस मीटर."

म्हातारी माणसं वाटेकडे बघत होती. पळणाऱ्या नातीकडे बघावं तसं नव्हे, उशिरा येणाऱ्या पाहुण्याची वाट बघावी तसं.

मग तुरीच्या वर धूळ दिसली.

पुढे निता. मग प्रियंका. मग ती जागा. मग शिला.

"चौथी दमलीय," बाई म्हणाल्या. "तुमची चार नंबरची दमलीय, सर."

प्रियंकानं पळता पळता हात मागे केला. नियम मी चार वेळा वाचले होते, हात धरू नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तिची बोटं मिटली.

तिचा हात ताणला गेला. खांद्यापासून बोटांपर्यंत, दोरी ताणावी तसा. मागून शिलानं दोन्ही तळवे पुढे केले आणि ढकलायला लागली.

शंभर मीटर.

पारुबाई ओरडली. गोरमाटीत, एकच शब्द. मग सगळा तांडा तोच शब्द ओरडू लागला. बायका, म्हातारे, कडेवरची लेकरं. गोरेगावच्या लोकांना अर्थ माहीत नव्हता, तेही ओरडू लागले. मीही ओरडलो.

पन्नास.

कोल्हापूरच्या चौकटीत तीन मुली रेषेपार झाल्या होत्या. चौथी आठ-दहा पावलांवर होती.

निता आली.

प्रियंका आली.

माझ्या गालाला वारा लागला. थंड, धुळीचा, कुणी अगदी जवळून गेल्यासारखा.

शिला आली.

मी घड्याळ दाबलं. तेरा मिनिटं तीन सेकंद.

पडद्यातून बाईंचा आवाज आला. "हिंगोली, चौघी पूर्ण. तेरा तीन. कोल्हापूर तेरा पाच. अभिनंदन, हिंगोली."

पुढचा अर्धा तास मला धड आठवत नाही. ढोल वाजत होता. प्रेमदास मोबाईल हातात धरून रडत होता आणि पुण्याच्या परीक्षकांना त्याच्या नाकाचं दर्शन घडत होतं. बालाजीनं मला उचललं, माझं वजन ब्याण्णव किलो आहे. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि त्यांच्या मिठीत मधे जागा होती. मला त्या क्षणी त्याचं काहीच वाटलं नाही. जिंकलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझी मोजणी चुकली होती आणि मी जिंकलो होतो.

पारुबाईनं चार पेले पाणी भरलं. तीन पोरींनी घेतलं. चौथा तिनं ओट्यावर ठेवला. निघताना मी मुद्दाम पाहिलं, तो भरलेलाच होता. मला हायसं वाटलं.

सहा तारखेला ट्रक आली. शिलाची आई बरी झाली होती, तीच प्रेमदाससोबत कोयत्याला निघाली. शिला ट्रकमध्ये नव्हती, ती माझ्याशेजारी उभी राहून हात हलवत होती, आणि तेवढ्यासाठी मी पुन्हा बावीस वर्षं शिट्टी मारायला तयार आहे. प्रेमदासनं फळीवर उभं राहून माणसं मोजली. "...चोवीस, पंचवीस, सव्वीस." पुढचा आकडा त्याच्या ओठांवर आला होता.

"म्हनू नको," पारुबाई खालून म्हणाली. "पोचली ती."

तो थांबला. ट्रक सव्वीसवरच निघाली.

डिसेंबरात तिन्ही पोरी पुण्याला गेल्या. मी स्वतः सोडून आलो. खोलीत चार पलंग होते. वसतिगृहाच्या बाईंना मी सांगितलं, चौथी येणार नाही, तो पलंग दुसऱ्या मुलीला द्या. त्या म्हणाल्या, बघू. माझ्यासमोर त्या पलंगावर घडी घातलेली चादर होती आणि कुणीही नव्हतं. मी नीट पाहून घेतलं.

पारुबाई तांड्यावर राहिली. दर रविवारी दुपारी चारला मी तिला देवळाच्या ओट्यावर बसवतो आणि पोरींना व्हिडिओ कॉल लावतो. पहिल्या रविवारी रेंज नव्हती. दुसऱ्या रविवारी पोरींचा सराव होता. तिसऱ्या रविवारी कॉल लागला. पडदा आधी धुरकट होता, तिघी एकदमच बोलत होत्या. जेवायला रोज पोळी मिळते. शिलाला नवे बूट दिलेत. ती म्हणाली, "सर, आता चपला हातात घ्यायची गरज न्हाई." पारुबाई हसत होती आणि पडद्यावर बोट ठेवून एकेकीला ओळखत होती.

मला भरून आलं. अशा वेळी काय बोलावं ते मला येत नाही, म्हणून मी गंमत केली.

"सावधान," मी म्हणालो. "गिनती कर."

तिघी खिदळत भिंतीशी रांगेत उभ्या राहिल्या.

"एक," निता म्हणाली.

"दोन," प्रियंका.

"तीन," शिला.

मी 'विश्राम' म्हणायला तोंड उघडलं.

"चार."

आवाज कोवळा होता. दम लागलेला नव्हता. बराच वेळ बसून विसावा घेतलेल्या पोरीचा तो आवाज होता.

"बराबर," पारुबाई म्हणाली आणि तिनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

तोवर पडदा स्वच्छ झाला होता. सवयीनं मी नजरेनं मोजलं. आकडा जुळला.